टाकीचं झाकण : लातूर-नांदेडमधल्या कामावरच्या पाण्याची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे तेवढे काढले आहेत, बाकी भाषा बोलतानाचीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय इतिहासाचा विषय झाला का? विषय आहे तुमच्या ऑफिसच्या, क्लासच्या, होस्टेलच्या, कारखान्याच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. पण पाच मिनिटं थांबा. या टाकीच्या मागे दुष्काळ आहे, पटकी आहे, कापडाची गिरणी आहे आणि अमेरिकेतलं एक मोठं हॉटेलसुद्धा आहे.

सुरुवात करू आपल्या सगळ्यांना आठवणाऱ्या एका रेल्वेगाडीपासून.

वाघिणी आधी धुतल्या, मग भरल्या

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूर शहरात आधी दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवसांनी येणारं नळाचं पाणी जवळपास थांबलेलं. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच प्रशासनानं जमावबंदी लावली होती. ११ एप्रिलला कृष्णाकाठच्या मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. पाच लाख लिटर पाणी! पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला साधारण पंचवीस लाख लिटर. 'जलदूत' हे नाव तेव्हा देशभर गेलं.

या गाडीचे फोटो सगळ्यांनी बघितले. तिच्या आधीची एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. या टँकरच्या वाघिणी लातूरला यायच्या आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेल्या होत्या. तिथे त्या आतून वाफेनं साफ केल्या गेल्या, आणि मगच मिरजेत त्यांत पाणी भरलं गेलं. लातूरला पोचल्यावरही ते पाणी थेट नळाला सोडलं नाही. आधी स्टेशनजवळच्या विहिरीत, तिथून शुद्धीकरण केंद्रात, आणि मग लोकांकडे.

आता गंमत बघा. शहराचा घसा कोरडा पडलेला असताना, अख्ख्या देशाचे कॅमेरे लागलेले असताना रेल्वेनं आधी भांडं धुतलं. आणि त्याच शहरात ते पाणी ज्या टाकीत, हौदात, ड्रममध्ये जाऊन पडणार होतं, ती टाकी शेवटची कधी धुतली होती? बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर होतं : आठवत नाही.

आजच्या भागाचं म्हणणं तेवढंच आहे. पाणी कुठून आलं याची आपण शंभर वेळा चौकशी करतो. ते कुठे साठलं, किती दिवस साठलं आणि त्या साठ्याची जबाबदारी कुणाची, हे कुणी विचारत नाही. आणि कामाच्या जागेवरचं पाणी इतिहासात जेव्हा जेव्हा जीवावर उठलं, तेव्हा गोची बहुतेक वेळा तिथेच झालेली दिसते.

'टँक' हा शब्द आपलाच

थोडं मागे जाऊ. इंग्रजीतला 'टँक' हा शब्द आला कुठून? अनेक शब्दकोश त्याचं नातं गुजराती-मराठीतल्या 'टाकं' या शब्दाशी जोडतात. खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं, जे आपण गडांवर बघतो, तेच ते. म्हणजे साहेब इथे आला, त्यानं आपलं टाकं बघितलं, शब्द उचलला, आणि शंभर-दोनशे वर्षांनी आपण त्यालाच 'वॉटर टँक' म्हणायला लागलो.

मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात पाणी साठवणं हा जगण्याचाच भाग होता. नांदेड जिल्ह्यात कंधारला जाल तर राष्ट्रकूटांच्या काळाची आठवण सांगणारा जगत्तुंग तलाव आजही बघता येतो. गावोगावी बारव, आड, हौद. साठवण्यात आपण कधीच कच्चे नव्हतो.

पण साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजू १९व्या शतकात समोर आली. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरनं पटकी, म्हणजे कॉलरा, एका हातपंपाच्या पाण्यातून पसरतोय हे दाखवून दिलं. तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला पटकीचा जंतू कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. तळं वस्तीतलं. लोक त्यातच आंघोळ करायचे, कपडे धुवायचे आणि तेच पाणी प्यायचे. बाहेरून बघाल तर पाणी पाण्यासारखंच.

खडी फोडणाऱ्यांचं पाणी

आता येऊ कामाच्या जागेवर. आपल्याकडे हजारो माणसं एका ठिकाणी कामाला आणणारी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती होती? गिरण्या मुंबईला, सोलापूरला. मराठवाड्यात ती होती दुष्काळी कामं.

१८९९-१९०० चा दुष्काळ घ्या. तेव्हा लातूर-नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि लातूर हा जिल्हाही नव्हता. तो झाला १९८२ साली. संस्थानात आणि शेजारच्या मुंबई इलाख्यात सरकारनं रस्ते, तलाव, खडी फोडणं अशी कामं काढली. हजारो भुकेली माणसं एका माळावर, एखाद्या विहिरीवर किंवा नाल्यावर अवलंबून. आणि पटकी आली. मुंबई इलाख्यातल्या गोध्र्याच्या दुष्काळी छावण्यांमध्ये १९०० च्या उन्हाळ्यात पटकीनं हाहाकार केला. भुकेपासून वाचायला कामावर आलेली माणसं कामावरच्या पाण्यानं गेली.

त्या काळात आग्ऱ्याला अर्नेस्ट हॅन्किन नावाचे एक जीवाणूशास्त्रज्ञ होते. पटकीच्या विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाका, असा आग्रह त्यांनी १८९० च्या दशकात धरला. पाणी जांभळट-गुलाबी व्हायचं, काही वेळानं रंग जायचा. फार पक्का उपाय नव्हता, पण स्वस्त होता आणि डोळ्यांना दिसत होता. लाल औषध टाकलेली विहीर ही आपल्या आजी-आजोबांच्या पिढीची आठवण आहे.

त्यासोबत हळूहळू एक साधी रीत बसत गेली : पाण्यावर माणूस नेमा. हजार जणांनी आपापली घागर, आपापला हात विहिरीत घालायचा नाही. एकानं शेंदायचं आणि वरून ओतायचं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. 'एकानं ओतायचं, दुसऱ्यानं ओंजळ धरायची' ही रीत आपल्याकडे आरोग्यासाठी सुरू झालेली नव्हती. ती जातीची होती. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाचा हात लागला की पाणी 'बाटतं', हा हिशोब कामाच्या जागेवरही होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं ते आपल्याला माहीत आहे. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण हवं असेल तर १९३४ चं आहे. दौलताबादच्या किल्ल्यापाशी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले, तर त्यांना अडवण्यात आलं, पाणी बाटवलं म्हणून. तलावात म्हशी डुंबलेल्या चालत होत्या, पण माणसाचा हात चालत नव्हता. जंतू जात बघत नाही. पण आपण इतकी वर्षं पाण्यात जातच शोधत बसलो, आणि पाण्यातली खरी घाण बघायची राहून गेली.

गिरणीतलं धुकं

आता नांदेडला येऊ. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावानं तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली. नांदेडच्या जुन्या माणसांना तिचा भोंगा माहीत असेल. कापसाच्या मुलखातली कापडाची गिरणी.

कापसाच्या धाग्याची एक अडचण असते. हवा कोरडी असली की तो तुटतो. आणि मराठवाड्याचा उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. म्हणून सूतगिरण्यांमध्ये, विणकामाच्या खात्यात हवेत मुद्दाम ओलावा सोडतात. वाफ किंवा पाण्याचा बारीक फवारा. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरणी कामगारांनी या वाफेविरुद्ध मोठी ओरड केली होती, आणि १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कारण ते पाणी कामगार पीत नव्हता, पण दहा-दहा तास नाकातोंडानं आत ओढत होता.

आपल्याकडे हाच मुद्दा १९४८ च्या कारखाने अधिनियमात आला. त्याची तारीख बघा : २३ सप्टेंबर १९४८. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबरला. म्हणजे आपण मुक्त झालो आणि सहा दिवसांनी दिल्लीत हा कायदा झाला. आधीच्या हैदराबाद संस्थानात तो लगेच लागू झाला नाही, पण पुढे आपल्या कारखान्यांनाही तोच कायदा आला.

त्यातली दोन कलमं आजच्या विषयासाठी फार महत्त्वाची. २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत कलम १५ सांगत होतं की कारखान्यातल्या हवेत कृत्रिम ओलावा सोडायचा असेल, तर त्याचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या लायकीचं हवं, नाहीतर आधी नीट शुद्ध केलेलं हवं. नुसतं नाकात जाणारं पाणीसुद्धा पिण्याइतकं चांगलं पाहिजे! आणि कलम १८ म्हणत होतं की सर्व कामगारांसाठी सोयीच्या जागी पुरेसं, चांगलं पिण्याचं पाणी हवं. त्यावर कामगारांना समजेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' असं लिहिलेलं हवं असायचं. मुतारी, संडास, धुण्याची जागा, थुंकदाणी यांच्यापासून ते सहा मीटर लांब हवं असायचं. अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याची सोय हवी असायची. 'सर्व कामगारांसाठी' हे शब्द वाचताना महाड आणि दौलताबाद डोक्यात ठेवा, म्हणजे त्यांचं वजन कळेल.

२०२० मध्ये संसदेनं नवी कामगार संहिता मंजूर केली. पिण्याचं पाणी आणि हवेतला ओलावा हे दोन्ही मुद्दे तिच्यातही आहेत.

बहात्तरचा दुष्काळ आणि जालन्याचा हापसा

१९७२ चा दुष्काळ. घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर हा भाग त्यांना ऐकवा. सुकडी, लाल मिलो, नाला-बंडिंग, पाझर तलाव, खडी केंद्रं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं रोज दुष्काळी कामावर होती. अख्खा मराठवाडाच जणू एक मोठी कामाची जागा झाला होता.

तेव्हा पाणी म्हणजे माळावर ठेवलेला रांजण नाहीतर पत्र्याचा ड्रम. त्यात सगळ्यांचे हात, सगळ्यांची भांडी. आणि याच सुमारास मराठवाड्यातून एक साधी वस्तू देशभर पोचायच्या वाटेवर होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी जालन्याला, मिशनच्या कामातून, बोअरवेलवर बसवायचा मजबूत पोलादी हातपंप तयार झाला होता. त्यातून पुढे सोलापूरचा पंप आला, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' आला. तोच तो, शाळेच्या मैदानात बघितलेला हापसा.

हापशाचं मोठेपण नुसतं खोल पाणी वर आणण्यात नाही. विहीर वरून उघडी होती, हापसा बंद आहे. बादली नाही, दोर नाही, हात बुडवणं नाही. साठाच माणसाच्या हातापासून लांब नेला, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ च्या देशव्यापी कायद्यात कामाच्या जागेवर सुरक्षित पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार हा मजुराचा हक्क म्हणून लिहिला गेला. एवढं साधं वाक्य कायद्यात यायला गोध्र्याच्या छावण्यांपासून शंभरेक वर्षं गेली.

आरोग्य खात्याचंच ऑफिस आजारी पडलं

इथपर्यंतची सगळी गोष्ट पोटातून जाणाऱ्या जंतूंची होती. पटकी, हगवण, टायफॉइड. आता गोष्ट वळते. आणि तुम्ही एसी ऑफिसात, मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये काम करत असाल तर हा भाग तुमचा.

जुलै १९६८. अमेरिकेतलं पॉन्टिअॅक नावाचं गाव. तिथल्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात लोक एकामागून एक तापानं फणफणले. अंगदुखी, डोकेदुखी. १४४ जण आजारी पडले. तपासाला आलेले लोकसुद्धा आजारी पडले! कुणी दगावलं नाही, पण कारणही सापडलं नाही. संशय एसीच्या यंत्रणेवर होता, कारण तिथलं पाण्याचं धुकं हवेच्या नळीत शिरत होतं.

जुलै १९७६. फिलाडेल्फिया. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरलं. घरी गेल्यावर लोकांना न्यूमोनिया व्हायला लागला. २२१ आजारी, ३४ मृत्यू. विष आहे का, विषाणू आहे का, घातपात आहे का, सगळं शोधून झालं. शेवटी जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाला तो जीवाणू सापडला. संघटनेच्या नावावरून त्याचं नाव पडलं लिजिओनेला. मग जुने नमुने काढून तपासले, तर १९६८ च्या पॉन्टिअॅकचा गुन्हेगारही हाच निघाला.

हा जीवाणू जगतो कसा, ते नीट ऐका. नदी-तळ्यात तो थोड्या प्रमाणात असतोच, तिथे त्याचा फारसा त्रास नाही. पण पाइपच्या, टाकीच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर बसतो ना, तिथे तो मुक्काम करतो. पाण्यातल्या अमिबासारख्या एकपेशीय जीवांच्या पोटात शिरून तिथेच वाढतो. २० ते ४५ अंशांचं कोमट पाणी त्याला मानवतं. मग ते पाणी कूलिंग टॉवरमधून, शॉवरमधून, कारंज्यातून तुषार होऊन हवेत उडालं की श्वासातून फुप्फुसात जातो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. तंबाखू-सिगारेट ओढणारे, पन्नाशीच्या पुढचे, मधुमेहाचे, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना धोका जास्त.

थंड देशांतला नियम सोपा आहे : थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, गरम पाणी ६० च्या आसपास साठवा. आता हा नियम लातूरला लावून बघा! मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ दुपारी सोडला तर हात मागे घ्यावा लागतो. आपल्याकडे 'थंड पाण्याची' टाकीच जंतूला हव्या त्या तापमानात उभी असते. म्हणून बाहेरचे नियम जसेच्या तसे उचलून चालत नाही. आपली भिस्त तीन गोष्टींवर : क्लोरीन, स्वच्छ भांडं, आणि हलतं पाणी.

आणि 'हलतं' हाच मराठवाड्याचा दुखरा भाग आहे. नळ रोज येत असेल तर माणूस साठवत नाही. नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल तर ऑफिसला, होस्टेलला आधी मोठा हौद लागतो, मग वरची टाकी लागते, मग शेजारी ड्रम लागतात. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात असलेला क्लोरीन या मुक्कामात उडून जातो. म्हणजे टंचाई नुसती पाणी कमी करत नाही, ती पाण्याचं वय वाढवते.

कोविडच्या काळात हा धडा जगभर पुन्हा मिळाला. २०२० मध्ये इमारती महिनोन् महिने बंद राहिल्या, पाणी पाइपमध्ये तसंच पडून. ज्या अमेरिकन संस्थेनं १९७७ साली हा जीवाणू शोधला, त्या सीडीसीलाच ऑगस्ट २०२० मध्ये अटलांटातल्या भाड्याच्या काही इमारती बंद ठेवाव्या लागल्या. कारण? पाण्यात लिजिओनेला. १९६८ मध्ये आरोग्य खात्याचं ऑफिस, २०२० मध्ये सीडीसी. पाण्याला ऑफिसबाहेरची पाटी वाचता येत नाही.

नाव तेच, गाव वेगळं

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात अचानक माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले. गिलियन-बॅरे सिंड्रोम, जीबीएस. दोनशेच्या आसपास रुग्ण. त्या पट्ट्यातल्या एका गावाचं नाव नांदेड! आपल्या गोदाकाठच्या नांदेडचं नाव, पण गाव पुण्याजवळचं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जीवाणू सापडला, आणि चौकशीची सुई पुन्हा पाण्याकडे वळली. त्यावेळी लातूर-नांदेडची किती मुलं पुण्यात नोकरीला, शिकायला राहत होती याचा विचार करा. आपण शहर बदलतो, पण टाकी आपल्या मागे येते.

मग करायचं काय?

फार मोठी यंत्रणा लागत नाही. गावात जलसुरक्षक जे टीसीएल पावडरनं करतो, तेच ऑफिसनं करायचं आहे.

पहिलं, क्लोरीन. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबायचं. पावडर उघडी, जुनी असेल तर तिचा दम गेलेला असतो. आणि अंदाजावर जाऊ नका. ओटी टेस्ट करा, म्हणजे शेवटच्या नळाचं पाणी घेऊन त्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला हवा. टाकीत टाकलं याला अर्थ नाही, नळाला पोचलं याला अर्थ आहे.

दुसरं, भांडं. झाकण घट्ट, आत ऊन आणि कबुतर दोन्ही जायला नको. टाकी ठरलेल्या तारखेला रिकामी करून घासून धुवायची. जमिनीखालच्या बंद हौदात मात्र कुणालाही एकट्याला उतरवू नका. आत हवा कोंडलेली असते, विषारी वायू असू शकतो, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करू नका.

तिसरं, हलतं पाणी. दिवाळीची सुट्टी झाली, मे महिन्यात क्लास बंद होता, मधला मजला वापरात नव्हता, तर आल्या आल्या सगळे नळ काही मिनिटं सोडा. शॉवर सोडून तुम्ही बाहेर थांबा, तुषार अंगावर घेऊ नका. टंचाई आहे, पाणी वाया कशाला, असं वाटेल. ते बादलीत धरा आणि फरशीला, संडासाला वापरा. वापरात नसलेले पाइपचे तुकडे जोडून ठेवण्यापेक्षा काढून टाका.

चौथं, जिथे पाणी उडतं तिथे जास्त लक्ष. मोठ्या एसीचे कूलिंग टॉवर, साखर कारखान्यातले गरम पाणी थंड करणारे स्प्रे पाँड, गिरणीतले फवारे, लॉबीतलं कारंजं. कोमट पाणी आणि तुषार एकत्र आले की तिथे औषध, सफाई आणि नोंद तिन्ही हवं. बंद ठेवून पुन्हा सुरू करताना तर नक्कीच. आपला साधा डेझर्ट कूलर त्या मानानं कमी धोक्याचा. त्यातलं पाणी थंड राहतं आणि थेंब फार उडत नाहीत. पण म्हणून मार्चपासून जूनपर्यंत त्याच पाण्यात वरून पाणी ओतत राहू नका. दर आठवड्याला रिकामा करा, डासांसाठीही ते बरं.

आणि एक आरोग्याचं. ताप, कोरडा खोकला, धाप, आणि गेल्या दोन-दहा दिवसांत एखाद्या बंद पडलेल्या इमारतीत किंवा कूलिंग टॉवरजवळ काम केलेलं असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. आपल्याकडे न्यूमोनियाच्या प्रत्येक पेशंटची लिजिओनेलासाठी तपासणी होत नाही. आजार बरा होतो, पण त्याची अँटिबायोटिकं वेगळी असतात, पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नाहीत. म्हणून तुमचं एक वाक्य कामाला येऊ शकतं.

टाकी कुणाची?

शेवटी परत त्या रेल्वेगाडीकडे. जलदूतच्या वाघिणी स्वच्छ निघाल्या, कारण ते काम कुणाचं तरी होतं. वर्कशॉपचं काम, ठरलेलं, नोंदीतलं. दुष्काळी कामावर विहिरीवर माणूस नेमला गेला, तेव्हा फरक पडला. कायद्यानं मालकावर जबाबदारी टाकली, तेव्हा फरक पडला. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं दुखणं हे आहे की ती सगळ्यांची आहे. वॉचमन म्हणतो मालक बघेल, मालक म्हणतो प्लंबरला सांगितलंय, प्लंबर म्हणतो मला फोनच आला नाही. आणि लातूरच्या एखाद्या होस्टेलमध्ये नीटची तयारी करणारा सतरा वर्षांचा मुलगा रोज त्याच नळाला तोंड धुतो.

म्हणून आज एक छोटं काम. तुमच्या ऑफिसात, क्लासात, होस्टेलात जा आणि दोनच प्रश्न विचारा. टाकी शेवटची कोणत्या तारखेला धुतली? आणि ते बघायचं काम कुणाच्या नावावर आहे? दोन्ही उत्तरं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर टाकीवर खडूनं तारीख लिहिण्यापासून सुरुवात करा. पुढचा माणूस निदान विचारेल तरी, ही तारीख एवढी जुनी का?

आणि हो, घरात बहात्तरच्या दुष्काळात कामावर गेलेलं कुणी असेल, तर तिथे पाणी कशात ठेवायचे आणि कोण पाजायचं, हे विचारून घ्या. तुमच्याच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुस्तकात न सापडणारा इतिहास तिथे आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत झाकण लावा!